डावीकडचा पियाला

बोतिर अकाने चौथ्या स्पीकरमधून चहा ओतला.

दुकानात पाच माणसं होती आणि पाचही जण दुआ मागितल्यासारखी मान खाली घालून ऐकत होते. आधी किटलीच्या झाकणाची टिचकी, मग धार, मग धारेचा आवाज बारीक होत होत वर चढला आणि थांबला. पहिल्या तीन स्पीकरांनी ओतलेल्या चहावर सगळ्यांनी मोकळेपणाने मतं दिली होती. पहिल्यातून चहा आलाच नव्हता, धरण फुटलं होतं. दुसऱ्याने इतका गोड ओतला की त्यात साखर असावी असा सगळ्यांना संशय आला. तिसरा चहा ओततो की चाळणीतून वाळू, यावर एकमत झालं नव्हतं. चौथ्यानंतर मात्र कुणीच बोलेना. खरबूजवाला आपल्या बुटांकडे बघत होता. त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं.

"पुन्हा लावा," एल्योर म्हणाला.

एल्योर आला होता स्टुडिओ मॉनिटर घ्यायला, आणि ते आजच हवे होते. घराच्या अंगणाच्या टोकाला, जिथे पूर्वी रेशमाचे किडे वाढवायचे, त्या खोलीत तो गाणी रेकॉर्ड करायचा. बरा माईक होता, संगणक होता, भिंतींवर आवाज गिळायला गोधड्या होत्या. केलेलं काम ऐकायला मात्र बाजारातला एक लाल गोल डबा होता. हेडफोनही होता, पण वसंतात एल्योर त्याच्यावर बसला. लाल डब्यातून सगळंच झकास वाटायचं. गेल्या महिन्यात याइपानच्या एका लग्नासाठी त्याने नवरदेवाच्या नावाचं गाणं करून दिलं. नाव गाण्यात चार वेळा होतं, हॉलमध्ये ते एकदाही ऐकू आलं नाही, नुसता ढोल ऐकू आला. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, लग्न ढोलाचं आहे का. त्यानंतर एल्योरने ठरवलं की आता खरं बोलणारं काहीतरी घरात पाहिजे.

आणि या वेळचं काम लग्नाच्या गाण्याचं नव्हतं. दोन तारांची दुतार बनवणारे उस्ता तोजिबोय यांच्या सात जुन्या चाली त्याने त्यांच्या घरी जाऊन टिपून घेतल्या होत्या. तुतीची फळी नखाने वाजवून ते झाडाला पाणी किती मिळालं होतं ते सांगत. अशा माणसाच्या हातात ढोलाचं लग्न देऊन चालणार नव्हतं. उद्या गुरुवारी एल्योरची आई ते रेकॉर्डिंग घेऊन उस्तांकडे जाणार होती. सोबत नान, मिठाई आणि एक प्रश्न नेणार होती. प्रश्न उस्तांच्या नातीबद्दल होता. तिचं नाव नफोसत.

बोतिर अकाचं दुकान बाजारात तांदळाच्या गल्लीमागे होतं. त्याने एल्योरचं बजेट ऐकलं, थोडा वेळ त्याबद्दल दुःख केलं आणि मग चार स्पीकर फळीवर मांडले. आठ इंचीला त्याने हातही लावू दिला नाही. एल्योरच्या खोलीत आठ इंची म्हणजे खुराड्यात बैल, असं तो म्हणाला. पाठीला भोक असलेला भिंतीपाशी ठेवला की घुमतो, आणि गरिबाच्या घरात सगळंच भिंतीपाशी असतं, म्हणून भोक पुढे असलेला बघ. साधा स्पीकर म्हणजे पाहुणा, जेवण उत्तम झालं म्हणतो. मॉनिटर म्हणजे घरचा माणूस, मीठ कमी आहे म्हणतो. गाणी लावून स्पीकर पारखू नये, कारण प्रत्येक दुकानदाराकडे प्रत्येक स्पीकरवर छान वाजणारं एक गाणं असतंच आणि त्याच्याकडेही होतं. तुला तोंडपाठ असलेला आवाज आण.

एल्योरच्या खिशात आवाज टिपायचं छोटं यंत्र होतं आणि त्यात उस्तांची दुतार होती. पण दुतार बरी वाजते की नाही ते सांगायला दुतार कळावी लागते, आणि दुकानात तेवढी कुणालाच कळत नव्हती. दोन चालींच्या मध्ये कुणीतरी चहा ओतला होता. चहा सगळ्यांना कळतो. असं हे सुरू झालं होतं.

बोतिर अकाने चौथ्यातून पाचव्यांदा चहा ओतला. शेवटी खरबूजवाल्याने बुटांवरची नजर काढली. तो गाडीवर ओरडायला भोंगा घ्यायला आला होता आणि तासभर भोंग्याचं नावही काढलं नव्हतं.

"उका, हा पियाला भरलाय," तो धाकट्या भावाला सांगावं तसं हळूच म्हणाला.

"अर्धा असेल," एल्योर म्हणाला.

लग्नाच्या हॉलमध्ये आवाजाचं काम बघणारा गैरत म्हणाला की त्यालाही पाऊणच्या पुढे वाटतोय. इस्त्री दुरुस्तीला घेऊन आलेली एक बाई होती. तिने सगळ्यांना गप्प केलं, इस्त्री खाली ठेवली आणि स्पीकरला कान लावला. तिचा नवरा चाळीस वर्षं चहाखान्यात होता, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. अर्ध्या पियाल्याचा आवाज जाडच राहतो, ती म्हणाली. हा पार बारीक होईपर्यंत गेलाय.

"काठोकाठ," तिने निकाल दिला आणि इस्त्री पुन्हा उचलली.

पाहुण्याला घोटभरच ओततात. म्हणजे पुन्हा ओतावा लागतो, पुन्हा विचारावं लागतं, आणि ते पुन्हा पुन्हा विचारणं हाच मान. काठोकाठ भरलेल्या पियाल्याचा अर्थ, प्या आणि निघा, हा मर्गिलानमध्ये दुधपित्या पोरालाही कळतो. खरबूजवाला म्हणाला की त्याच्या सासऱ्यांनी त्याला एकदा असा भरून दिला होता, आणि तो पितानाच आपण बूट कुठे काढलेत ते आठवत बसला होता.

"तुला दिसला नाही का रे पियाला?" गैरतने विचारलं.

एल्योरला पियाला दिसला नव्हता. ओतणारी नफोसत होती. पियाल्याकडे बघायचं म्हणजे तिच्या हाताकडे बघायचं, आणि ते तिच्या आजोबांसमोर. म्हणून तो दोन तास यंत्रावरच्या काट्याकडे बघत होता आणि समोर जे आलं ते पीत होता. चहाच्या जागी व्हिनेगर दिलं असतं तरी त्याने छातीवर हात ठेवून रहमत म्हणत आभार मानले असते.

"आणखी कोणी होतं पाहुणं?"

"हुरीनिसो ओपा. त्यांनीच नेलं मला."

दुकानातली उरलीसुरली आशा मावळली. हुरीनिसो ओपा मोहल्ल्यातल्या निम्म्या लग्नांत मध्यस्थ होत्या आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांचा विरोध होता. त्या एकदा बसल्या की लवकर उठत नसत. त्यांच्याकडे कालव्याच्या पाण्याच्या वाटणीची एक गोष्ट होती आणि ती कुणीही शेवटपर्यंत ऐकली नव्हती. तरी आजवर त्यांचा पियाला भरायची हिंमत कुणी केली नव्हती. बोतिर अकाच्या आईने एकदा मनात आणलं होतं, पण तिची किटली हातातच राहिली. तेव्हा तो पियाला एल्योरचा, यावर दुकानात पूर्ण एकमत झालं. त्या दिवशीचं ते पहिलंच एकमत.

बोतिर अका मनाने वाईट नव्हता. त्याने दुसरा, गोड चहा ओतणारा स्पीकर पुढे सरकवला.

"हा घे. हा अर्धाच ओततो," तो म्हणाला. "स्वस्त पण आहे."

त्याने लावून दाखवला. खरंच, तोच चहा अर्ध्यावर थांबल्यासारखा वाटला. एल्योरने तो तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना त्याने डोळे मिटले होते आणि त्याच्या चेहऱ्यावर लाल डब्यापुढे असायचं तसं समाधान आलं होतं. मग त्याने डोळे उघडले आणि चौथ्याची किंमत विचारली.

किंमत बेतातली निघाली. एल्योरने नोटा काढल्या. बोतिर अकाने घेतल्या आणि एक स्पीकर खोक्यात भरला. एल्योर दुसऱ्याची वाट बघत उभा राहिला. मॉनिटर एकेकटेच विकतात आणि पाटीवरची किंमत एकाची असते, हे तेव्हा त्याला समजावून सांगण्यात आलं. त्याने मान हलवली, खोकं काखेत घेतलं आणि वळला. काखेत एक खोकं घेतलेला माणूस पाठमोरा इतका एकटा दिसत होता की गैरतने तोंड फिरवलं.

"थांब," बोतिर अका म्हणाला. "हा दुसरा पण ने. पैसे लग्नाच्या मोसमानंतर दे. उद्या नकार येणार ठाऊक असलेल्या माणसाला एकटा स्पीकर देऊन पाठवला, तर रात्री मला जेवण जायचं नाही."

खरबूजवाल्याने एक खरबूज दिलं. भोंगा घ्यायचा तो विसरूनच गेला.

*

एल्योरची आई, त्याची ओयी, तंदुरीत उद्याची नानं लावत होती. एल्योर थेट मागच्या खोलीत गेला. त्याने दोन संदुकी ओढल्या, त्यांवर गोधड्यांच्या घड्या रचल्या आणि कानाच्या उंचीवर एकेक स्पीकर ठेवला. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे, असं बोतिर अकाने बजावलं होतं. एल्योरने तो तुतीच्या काठीने मोजला. मग त्रिकोणाच्या टोकावर उशी टाकून तो तिच्यावर बसला, पण काही लावलं नाही. अर्ध्या तासाने ओयी हाताचं पीठ झटकत आत आली तेव्हाही तो तसाच दोन काळ्या खोक्यांसमोर बसला होता. खोकी त्याला काहीतरी रागावली असावीत असं दिसत होतं.

"उद्या नका जाऊ तुम्ही," तो म्हणाला.

ओयीने कारण विचारलं. त्याने सांगितलं: दुकान, चार स्पीकर, इस्त्रीवाली बाई, काठोकाठ. ओयीने सगळं ऐकून घेतलं. तंदुरीत बावीस नानं होती आणि ती परत पीठ होणार नव्हती. ती म्हणाली, मुलीकडचा नकार मी माणसांच्या तोंडून ऐकला आहे, दाराआडून ऐकला आहे, एकदा तर पोस्टाने आलेला पाहिला आहे. खोक्यातून आलेला अजून ऐकला नाही. लाव.

एल्योरने तिला उशीवर बसवलं, स्वतः मागे उकिडवा बसला आणि लावलं.

आधी दुतार आली. ओयीने मान पुढे काढली, मग वाकडी केली. उस्ता कुठे बसलेत, तिने विचारलं. मध्ये, एल्योर म्हणाला. मध्ये तर भिंत आहे, ओयी म्हणाली. पण उस्ता तिथेच होते, दोन खोक्यांच्या मधोमध, काहीच नसलेल्या जागी. त्यांचं नख लाकडावर घासलेलं ऐकू येत होतं, सूर लावण्याआधी नाकातून घेतलेला श्वाससुद्धा. एल्योरही आपलं दुःख विसरून ऐकू लागला. लाल डब्यात उस्ता, भिंत, खिडकी आणि कबुतरं हे सगळं एका पिशवीत भरलेलं असायचं. इथे प्रत्येक जण आपापल्या जागी बसला होता. चाल संपली. त्याच क्षणी हुरीनिसो ओपांचा आवाज सुरू झाला. तो मात्र डावीकडचा नव्हता की उजवीकडचा नव्हता. यंत्राच्या दोन्ही कानांनी त्याच्यापुढे हात टेकले होते आणि तो दोन्ही खोक्यांतून सारखाच, भरून येत होता. विषय कालव्याच्या पाण्याचा होता.

त्या आवाजाखाली उजव्या खोक्यात किटलीचं झाकण टिचकलं आणि चहाची एक बारकीशी धार पडली. पडली न पडली तोच थांबली.

"घोटभर," ओयी म्हणाली.

पुढच्या चालीनंतर पुन्हा उजवीकडे घोटभर. मग पुन्हा. चौथी चाल संपली, कालवा पुन्हा सुरू करण्याआधी ओपांनी श्वास घेतला आणि तेवढ्यात ती धार आली. ती सकाळपासून त्याने तीसेक वेळा ऐकली होती. झाकण, धार, वर वर चढणारा आवाज, काठ. ती डाव्या खोक्यातून आली. उजवं गप्प होतं.

"थांबव," ओयी म्हणाली. "तू कुठे बसला होतास?"

"यंत्राच्या उजवीकडे."

"आणि ओपा?"

एल्योरने डाव्या खोक्याकडे बोट दाखवलं. दुकानात एकच स्पीकर जोडलेला होता. डावं-उजवं त्यात एकत्र कालवलं गेलं होतं आणि पाच माणसांनी त्यातून दुसऱ्याचाच पियाला त्याच्या हातात दिला होता. एल्योरने पुढचं लावलं. उजवीकडे आणखी चारदा घोटभर आला. ओयी बोटांवर मोजत होती. एकूण सात. एका पियाल्याएवढ्या चहासाठी मुलगी सात वेळा उठली होती.

ओयी उशीवरून उठली, खिडकीपाशी गेली आणि पुन्हा येऊन बसली.

"हुरीनिसोचा पियाला भरला," ती म्हणाली. "सरळ भरला. चाळीस वर्षांत कुणाला जमलं नाही ते." मग तिने डोक्याच्या रुमालाने डोळ्याच्या कडा टिपल्या. ती रडत होती की हसत होती ते मागून कळत नव्हतं. "ही मुलगी मला या घरात पाहिजे."

इतका वेळ नकाराला धरून बसलेल्या एल्योरला आनंद कुठे ठेवावा ते सुचेना. त्याने खरबूज कापलं. दोन फोडी खाऊन झाल्यावर मात्र ओयीचा चेहरा हळूहळू बदलला. उद्या मागणी घालायला तिच्यासोबत हुरीनिसो ओपा जाणार होत्या. ठरवलं त्यांनीच होतं, एल्योरला दुतारच्या निमित्ताने घरात नेलं त्यांनीच, रुमालसुद्धा त्यांनी निवडला होता. ज्या घराने त्यांना चहा पिऊन निघा म्हटलं, त्याच घरात त्या पुन्हा बसणार आणि कालवा पुढे चालू होणार. आणि त्यांना येऊ नका म्हणणं तर शक्यच नव्हतं. तसं म्हटलं असतं तर मोहल्ला सोडून जावं लागलं असतं, आणि घराला गिऱ्हाईकही ओपांनीच आणलं असतं.

"सोलिहाखोन, आहेस का?" अंगणातून ओयीला हाक आली. खिडकीची काच थरथरली.

खरबूजवाला बाजारातून आपल्या गल्लीला जाताना चार गल्ल्यांतून गेला होता. भोंगा नसतानाही बातमी चारही गल्ल्यांत पोचली होती. ओपा वाटेतूनच बोलत येत होत्या. एल्योरजोनला भरलेला पियाला दिला म्हणे, तेही यंत्रातून कळलं म्हणे. मी तिथे होते, माझ्या डोळ्यांदेखत असं झालं असतं तर मला दिसलं नसतं का. लावा बघू ते काय आहे ते.

दारात त्या बूट काढायला वाकल्या. गुडघ्यांमुळे त्यांना बूट काढायला जरा वेळ लागायचा. तेवढ्या वेळात ओयीने कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि ती डाव्या स्पीकरपाशी गेली. तिने तो पुसला. मग पुसता पुसताच उचलला, तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला, उजव्या संदुकीवर नेऊन ठेवला आणि उजवा उचलून डावीकडे आणला. वायरी मागे एकमेकींवरून फुलीसारख्या गेल्या. ओयीने त्यांवर एक गोधडी टाकली. एल्योर तोंड उघडं ठेवून बघत होता. घरातला पंखासुद्धा ओयी त्याला विचारून लावायची.

"धूळ किती बसते," ओयी म्हणाली. "या ओपा, बसा."

ओपा उशीवर बसल्या. त्या बसल्यावर त्रिकोण थोडा बिघडला. उस्तांकडे त्या खिडकीपाशी होत्या, म्हणजे यंत्राच्या डावीकडे, आणि एल्योर उजवीकडे, हे त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. म्हणजे हे खोकं मी आणि ते खोकं तू, एल्योरजोन. बरोबर ना?

एल्योरने ओयीकडे बघितलं. ओयी फडक्याची घडी घालत होती.

"बरोबर, ओपा," तो म्हणाला. त्या दिवशी खोलीतल्या खरं बोलणाऱ्या वस्तू दोनच होत्या आणि त्यांच्या जागा बदलल्या होत्या.

दुतार वाजली. ओपांनी डोळे मिटले. स्वतःचा आवाज आला तेव्हा त्यांनी त्याला दाद दिली. डाव्या खोक्यात घोटभर पडला. मग पुन्हा पडला. तिसऱ्यानंतर त्यांनी डोळे उघडले आणि त्या खोक्याकडे जरा झुकल्या. मग उजवीकडे ती लांब धार आली आणि काठाला जाऊन थांबली. ओपांचा हात तोंडावर गेला.

"अरे माझ्या लेकरा," त्या म्हणाल्या.

त्यांना मनापासून वाईट वाटलं. ते नाटक नव्हतं, ओपांना नाटक येत नसे. त्यांनी एल्योरच्या डोक्यावरून हात फिरवला, मुली काय हजार मिळतील म्हणाल्या आणि रिश्तोनकडच्या दोन मुलींची नावं तिथल्या तिथे सुचवली. एल्योर खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते आणि ओपांनी ते दुःखाच्या खात्यात टाकले. मग त्या विचारात पडल्या.

"सोलिहाखोन, उद्या मी येत नाही," त्या म्हणाल्या. "माझा तिथे हा एवढा मान आणि पोराचा तसा अपमान. मी शेजारी बसले तर तो आणखीच उठून दिसेल. तू रीत म्हणून जाऊन ये. तुझ्या बहिणीला ने. माझे गुडघे दुखतायत सांग, तसे दुखतातच."

ओयीने एकदा आग्रह केला. दुसऱ्यांदा केला नाही. उद्याचा प्रश्न सुटला होता. आता ओपांनी उठायचं, ओयीने चार नानं फडक्यात बांधून द्यायची आणि एल्योरने संध्याकाळच्या आत सात चाली नीट करायच्या, एवढंच राहिलं होतं.

ओपा उठल्या नाहीत.

"ते माझं परत लाव जरा," त्या म्हणाल्या.

एल्योरने लावलं. डाव्या खोक्यात चहाची बारकी धार पडली आणि थांबली. ओपांनी एक बोट दुमडलं. दर खेपेला त्या मान हलवत होत्या, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. आपला आवाज आला की तो मध्ये येतो म्हणून चिडत होत्या. गप्प बस गं बाई, असं त्या खोक्याला एकदा म्हणाल्यासुद्धा. सातवा घोट पडल्यावर त्यांनी मूठ मांडीवर ठेवली आणि काही वेळ तशीच राहू दिली. हुरीनिसो ओपा इतका वेळ गप्प बसलेल्या त्या घराने पाहिल्या नव्हत्या.

"सात वेळा उठली पोर," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी तीन सुना आहेत. सकाळी मोठी किटली भरून माझ्यापुढे ठेवतात. म्हणजे संध्याकाळपर्यंत कुणाला यायला नको." त्या हसल्या. "चहा चांगला असतो हं. तक्रार नाही."

एल्योरने हात आवाजाच्या खुंटीवर ठेवला होता, तो तिथेच राहिला. मोकळ्या जागी, दोन खोक्यांच्या मध्ये, उस्ता तोजिबोय पुढच्या चालीसाठी तार लावत होते. त्याने ते बंद केलं. खिडकीतून उन्हाची तिरीप गोधड्यांवर आली होती. सात चालींना तीन तास तरी लागणार होते.

ओपांनी बुटांकडे बघितलं आणि उठण्यासाठी संदुकीवर हात टेकला. ओयीने आधीच बांधून ठेवलेलं नानांचं फडकं बाजूला सारलं. तिने ओपांसाठी आणून ठेवलेल्या चहाच्या ताटावरचा पियाला उचलला, रुमालाच्या टोकाने पुसला, किटलीतून त्यात चहा ओतला, चहा मुरावा म्हणून परत किटलीत घातला, असं रीतीप्रमाणे तीनदा केलं. मग चौथ्यांदा ओतला. तळ जेमतेम झाकला गेला. तिने डावा हात छातीवर ठेवला आणि उजव्याने पियाला ओपांपुढे धरला.

ओपांनी पियाल्यात बघितलं. बहुधा पहिल्यांदाच.

"बसा ओपा," ओयी म्हणाली. "त्या कालव्याचं शेवटी काय झालं?"

ओपा मागे रेलून बसल्या, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, कारण मधलं सांगून काही कळत नाही. ओयीने मान न वळवता मुलाला म्हटलं:

"एल्योर, मोठा समोवार पेटव."